कोळवं, चिपटं आणि सुशी

१४ डिसेंबर २०२४, मलकापूर

रक्ताचा रिपोर्ट आज हातात आला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा ओढून दाखवल्या: ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात उभी आहे. वजन ६४ किलो, उंची पाच फूट एक इंच. भारतीय बांध्याच्या माणसांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की स्थूलता धरतात. माझा २६.६ आला. कमरेचं माप ८८ सेंटिमीटर, बायकांची मर्यादा ८०. "भात कमी करा बाई, आणि चाला," डॉक्टर म्हणाले.

चालणं जमेल. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळ मोकळीच असते. भाताचं मात्र अवघड आहे. शाहूवाडी तालुक्यात घराचं वर्षच भाताभोवती फिरतं. मे महिन्याच्या शेवटी धूळवाफेवर पेरणी, ज्यांची रोपं असतील त्यांची जुलैत चिखलगुठ्ठा करून लागण, दिवाळीच्या आगेमागे कापणी. आता डिसेंबरात नवा तांदूळ गिरणीतून भरडून घरात आलाय. माजघरात पाऊल टाकलं की त्याचा वास येतो. नेमक्या या दिवसांत हा निरोप.

संध्याकाळी टोकियोहून लेकीचा फोन. तिला रिपोर्ट सांगितला. म्हणाली, "आई, मी एकवीसला येतेय ना, तुला सुशी करून घालते. हलकी असते. इथे सगळे खातात, आणि जाड माणूस शोधून सापडत नाही."

मी विचारलं, "सुशी म्हणजे भातच ना गं?"

"भातच. पण वेगळा."

वेगळा म्हणजे कसा, हे मला मोजून बघायचं आहे. शिक्षकी पेशात तीस वर्षं मुलांना ताळा करायला लावला. आता माझ्याच ताटाचा ताळा करते. ही वही त्यासाठीच घातली.

१६ डिसेंबर

स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणून ठेवलाय. दुपारी नेहमीसारखा भात वाढून घेतला, एकही डाव इकडेतिकडे न करता, आणि ताट काट्यावर ठेवलं. भात २९० ग्रॅम. शिजलेल्या साध्या भाताच्या शंभर ग्रॅमला साधारण १३० किलोकॅलरी, म्हणजे ३७७. रात्रीचा भात २७५ ग्रॅम, त्याच्या ३५७. दोन वेळच्या मिळून दोन ज्वारीच्या भाकरी, प्रत्येकी साठ ग्रॅम पिठाची, त्यांच्या ४०० धरल्या. सगळी बेरीज ११३४.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्या बाईची दिवसाची गरज १६६० किलोकॅलरी धरली आहे. मग माझ्या शंभर कॅलरींमधल्या अडुसष्ट नुसत्या धान्याच्या. याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात धान्याचा वाटा पंचेचाळीस टक्क्यांच्या वर जाऊ नये असं आहे. माझ्यासाठी तो आकडा ७४७ होतो. आणि ही झाली गरजेशी तुलना. आमटी, तेल, शेंगदाण्याची चटणी आणि चहातली साखर अजून धरलेलीच नाही.

पण या वहीतला आजचा खरा आकडा दुसराच आहे. त्याच संस्थेच्या कोष्टकात अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या बाईची गरज २७२० लिहिली आहे. आमच्या आत्ती, माझ्या सासूबाई, आता ब्याऐंशीच्या आहेत. तरुणपणी गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर लागण करायच्या, घरी येऊन दळण, पाणी, जनावरं. त्यांना एवढा भात लागायचाच. मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला वाढलं ते त्यांच्या ताटाच्या मापानं. मी खुर्चीवर बसून वह्या तपासल्या आणि ताट मात्र लागणीवाल्या बाईचं जेवले. माप बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्यासुद्धा.

२२ डिसेंबर

लेक काल रात्री पोचली. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निशी-कसाईला राहते. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, तेव्हा तिने मोठ्या अभिमानाने फोन केला होता. बॅगेतून काढलं काय काय: तांदळाचा व्हिनेगर, सोया सॉसची बाटली, नोरी नावाचे समुद्री शेवाळाचे काळपट हिरवे कागद, आणि तांदूळ मोजायचा एक प्लास्टिकचा पेला. तिकडे भात शिजवायच्या कुकरबरोबर हा पेला येतोच. त्याचं माप १८० मिलिलिटर, जपानी नाव 'गो'. काठोकाठ तांदूळ भरला आणि तोलला तर १५० ग्रॅम.

आत्ती बघत होत्या. उठून कोठीत गेल्या आणि फडताळावरून जुनी मापं घेऊन आल्या. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. लहानपणी हे पाढ्यासारखं पाठ होतं. शाळेत मी मुलांना किलो, ग्रॅम शिकवले आणि ही मापं घरातल्या घरात विसरले. चिपट्यात २३० ग्रॅम तांदूळ बसला, कोळव्यात ११५. जपानी 'गो' आमच्या कोळव्यापेक्षा थोडा मोठा, चिपट्यापेक्षा लहान.

"माणशी कोळवं काढायची मी, गड्याला चिपटं," आत्ती म्हणाल्या. "डोळ्याच्या अदमासानं तांदूळ वैरायला तुझ्यापास्नं सुरुवात झाली."

हे खरं आहे. कुकर आला, डबा भरलेला असायचा, मी वाटीने दोनतीनदा टाकत गेले.

२३ डिसेंबर

रात्री उशिरापर्यंत गप्पा. तिच्याकडून सुशीचं मूळ ऐकलं, आणि माझी समजूत पार उलटीपालटी झाली.

सुशी आधी भाताचा पदार्थच नव्हता. मासा टिकवायची ती एक रीत होती. मीठ लावलेला मासा शिजल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचा, भात आंबतो, त्या आंबटपणाने मासा टिकतो. खायचा मासा, भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराकाठी फुनाझुशी नावाने हा प्रकार अजून करतात. पुढे आंबायला न ठेवता भातातच व्हिनेगर घालायला लागले आणि भात खाण्यात आला. आज आपण पाहतो ती निगिरी, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा काप, एदो शहरातली, म्हणजे जुन्या टोकियोतली. १८२० च्या दशकात हानाया योहेई नावाच्या माणसाने ती लोकप्रिय केली असं मानतात. रस्त्याकडेच्या गाड्यावर उभ्या उभ्या खायचं ते खाणं, कामावरच्या माणसाचं. तेव्हाचा एकेक गोळा आजच्या दुप्पट, तिप्पट असे.

मग तो लहान कसा झाला? एक मोठा धागा युद्धानंतरच्या टंचाईत सापडतो. १९४७ मध्ये रेशनमुळे खाणावळी बंद ठेवायचा हुकूम निघाला. टोकियोतल्या सुशीवाल्यांनी वाट काढली. गिऱ्हाइकाने आपला एक गो तांदूळ घेऊन यायचं, दुकानदाराने त्याच्या दहा सुशी करून द्यायच्या आणि फक्त मजुरी घ्यायची. सरकारने ते मान्य केलं. एक गोला दहा, हे माप तिथून पक्कं झालं. दीडशे ग्रॅम तांदळाच्या दहा मुठी.

मला हे ऐकून झोप येईना. टंचाईने त्यांच्या हाती एक माप दिलं आणि सुबत्ता आल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. पुढे ते आणखी लहानच झालं, आता एका निगिरीत वीसेक ग्रॅम भात असतो. १९५८ मध्ये ओसाकात शिराइशी योशिआकी यांनी फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली. बशा समोरून सरकत जातात, एका बशीत बहुधा दोन तुकडे, बिल रिकाम्या बशा मोजून होतं. लेक म्हणाली, "आई, आपण किती खाल्लं ते समोर रचलेलं असतं." आपल्याकडे पंगतीत वाढपी आग्रहाने वाढतो आणि पान कधीच रिकामं दिसत नाही. किती खाल्लं ते कळणार तरी कसं?

२६ डिसेंबर, गुरुवार

आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि एकादशी एकाच दिवशी. एकादशीला तांदूळ वर्ज्य, म्हणून सुशीचा बेत पुढे ढकलला. सकाळी साबुदाण्याची खिचडी केली आणि काटा जवळच होता, तेव्हा तीही तोलली. एका बशीत कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, तूप दोन चमचे. साबुदाण्याच्या २१० किलोकॅलरी, दाण्याच्या १७०, तुपाच्या ९०. एक बशी ४७०. मी दोन वेळा घेते.

उपास हा श्रद्धेचा भाग आहे, त्याला मी आकड्याने तोलत नाही. पण 'उपास केला म्हणजे पोट हलकं राहिलं' असं मी आजवर समजत होते, ते आता म्हणवणार नाही. रात्री वरी टाळली. एक रताळं उकडलं आणि दही घेतलं.

२८ डिसेंबर

अखेर आज सुशी.

तांदूळ कुठला घ्यायचा हा पहिला प्रश्न. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट, दाणे एकमेकांना धरून राहतात. लेक पुण्याहून बाहेरचा तांदूळ मागवायला निघाली होती. मी म्हटलं, घरचा नवा इंद्रायणी आहे की! इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला, १९८७ मध्ये प्रसारित झालेला. वास आंबेमोहराचा, आणि शिजल्यावर चांगला चिकटतो. त्यात नवा तांदूळ. एरवी नव्या तांदळाच्या भाताचा गिचका होतो म्हणून आम्ही तो जुना व्हायची वाट बघतो. आज तो गिचका कामी आला.

दोन गो, म्हणजे ३०० ग्रॅम तांदूळ. पाणी बेताचं. शिजल्यावर पसरट ताटात काढून त्यावर व्हिनेगर चार मोठे चमचे, त्यात विरघळवलेली साखर दोन मोठे चमचे आणि मीठ एक लहान चमचा. लाकडी उलथन्याने कापल्यासारखं मिसळायचं, ढवळायचं नाही, आणि एकीकडे वारा घालायचा. आत्तींनी सुपाने वारा घातला. कळकाच्या बारीक काड्यांची चटई गावातल्या बुरडाकडून चार दिवसांपूर्वीच विणून घेतली होती. त्याला नमुना म्हणून लेकीने मोबाईलवर फोटो दाखवला. त्याने तिच्यापेक्षा नेटकी करून दिली.

नोरीचा अर्धा कागद, त्यावर भाताचा पातळ थर, मधे काकडीची कांडी, चटईने गुंडाळी, मग धारदार सुरीने सहा तुकडे. ह्यांनी पहिला तुकडा उचलला आणि म्हणाले, "अळूवडीच की ही, पण न तळलेली." मग तिने मुठीत भात दाबून एक लांबट गोळा केला, वर ऑम्लेटची पट्टी ठेवली. ही निगिरी. या शब्दाचा अर्थच मुठीत दाबलेलं. आत्ती लगेच म्हणाल्या, "म्हंजे मुटकाच की गं." आमच्याकडे पिठाचे मुटके करतात, मुठीचे वळ त्यावर तसेच उमटतात. इतक्या लांबच्या दोन भाषांना मुठीतून एकच शब्द सुचावा याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता ताळा. मिसळून तयार झालेला भात ६९० ग्रॅम भरला. तांदळाच्या १०६८ किलोकॅलरी, साखरेच्या ९६. शंभर ग्रॅमला १६९. आमच्या साध्या भाताला १३०! सुशीचा भात वजनाला वजन धरला तर आमच्या भातापेक्षा जड आहे. पाणी कमी आणि वर साखर, दुसरं काय होणार. 'सुशी हलकी' हे वाक्य इथेच थांबवून लेकीला दाखवलं. तिने दोनदा बेरीज केली आणि मान्य केलं.

पण गंमत पुढे आहे. एका गुंडाळीत ८० ग्रॅम भात, म्हणजे १३५ किलोकॅलरी. काकडी आणि नोरीचे पाच धरले तर १४०. मी दोन गुंडाळ्या खाल्ल्या, बारा तुकडे. प्रत्येक तुकडा चॉपस्टिकने नाही तर हाताने उचलला, तरी एकेकच. बारा तुकड्यांना जेवण झाल्यासारखं वाटलं, आणि भात पोटात गेला १६० ग्रॅम. रोजच्या २९० ग्रॅमांच्या जागी. कॅलरी २८०, रोजच्या ३७७ च्या जागी. भात जड आणि जेवण हलकं, अशी ही रीत आहे.

मीठ मात्र डोळ्यांत भरलं. भातातलंच सव्वा-दीड ग्रॅम पोटात गेलं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात अंदाजे ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची. एका जेवणात पाऊणच्या आसपास संपलं. ह्यांना रक्तदाबाची गोळी आहे, त्यांची सॉसची वाटी मी बाजूला केली. लेकीने सांगितलं, जाणती माणसं भात बुडवत नाहीत, माशाची कड फक्त टेकवतात. मग वाटीत थोडा लिंबाचा रस आणि पाणी घालून सॉस निम्मा केला.

२९ डिसेंबर

काल दुपारी चारला कडकडून भूक लागली. मूठभर चिवडा खाल्ला, मग अजून मूठभर. वाचलेल्या शंभर कॅलरी चिवड्यात गेल्या. काकडीच्या सुशीत प्रथिनं जवळजवळ नाहीतच. भात आणि काकडी खाऊन संध्याकाळपर्यंत कोण राहणार? सुशीत मूळचा मासा आहे तो शोभेला नाही, हे आज कळलं.

१ जानेवारी २०२५, बुधवार

मार्गशीर्ष सोमवारी संपला. सकाळी आंबा घाटातून आलेल्या गाडीतून रत्नागिरीची ताजी कोळंबी मिळाली. आमचं हे एक भाग्य. समुद्र घाटाखाली आहे आणि रस्ता दारावरून जातो.

आधी कच्च्या माशाबद्दल लिहून ठेवते, कारण शेजारच्या दोघी कालपासून विचारताहेत. लेकीला मी स्पष्ट सांगितलं, या घरात कच्चा मासा होणार नाही. तिनेही हट्ट केला नाही. सुशीसाठी कच्चा वापरतात त्या माशातले जंत मरावेत म्हणून तो उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ ला पंधरा तास गोठवावा असं सांगतात. आपल्या घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तितका गार राहत नाही, आणि इथे पावसाळ्यात लाईट गेली की तासन् तास येत नाही. नदीतला, तळ्यातला मासा तर कच्चा कधीच खाऊ नये. हे लिहिताना मला भीती घालायची नाही, पण हौसेपोटी कुणी आजारी पडलेलं मला पाहवणार नाही.

आणि कच्चा नसला म्हणून सुशी खोटी होत नाही. कोळंबीची सुशी जपानातही बहुतेक वेळा उकडलेल्या कोळंबीचीच असते. ज्या सामन माशावाचून आज सुशीचं दुकान चालत नाही, तो कच्चा खायची तिथे रीत नव्हती. त्यांच्या समुद्रातल्या सामनमध्ये जंत असायचे. नॉर्वेने १९८० च्या दशकात आपला पाळीव सामन तिथे नेला, बरीच वर्षं खटपट केली, मग तो रुळला. तिथे नॉर्वेचा मासा चालतो, तर इथे रत्नागिरीची कोळंबी का नको?

आज भातातली साखर निम्मी केली. चवीत उणं वाटलं नाही, नव्या इंद्रायणीला स्वतःची गोडी आहे. कोळंबी उकडून, पोटाकडून चिरून, भाताच्या मुटक्यावर बसवली. माझ्या वाट्याला आठ. भात १६० ग्रॅम, त्याच्या २६२ किलोकॅलरी. कोळंबी १२० ग्रॅम, तिच्या १२०, आणि त्यात अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. बरोबर मुळ्याची कोशिंबीर आणि ताक. वसाबी या झणझणीत जपानी चटणीच्या जागी आत्तींनी आल्याचा कीस लिंबात मुरवून दिला होता, तो छान लागला. सगळं मिळून साडेचारशेच्या घरात. संध्याकाळी सातपर्यंत भुकेची आठवण झाली नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं असं वाटतं. माझ्या ताटात सुशी बसते, पण तुकडे मोजले तर, मासा असला तर, आणि वर काही ओतलं नाही तर.

४ जानेवारी, पुणे

लेक उद्या मुंबईहून परतणार, तिला सोडायला पुण्यापर्यंत आलोय. चाकण, रांजणगावच्या कारखान्यांमुळे पुण्यात जपानी माणसं बरीच, त्यामुळे जपानी खाणंही मिळतं. तिच्या मैत्रिणीने सगळ्यांना एका हॉटेलात नेलं.

मेनू वाचत बसले. पनीर टेम्पुरा रोल, चीज रोल, तिखट मेयोनीज, कुरकुरीत कांदा, वरून गोड सॉसच्या रेघा. तरुण पोरं आवडीने मागवत होती, त्यांची हौस मला समजते. समोर आलेल्या एका रोलचे आठ तुकडे. भात दीडशे ग्रॅम धरला, त्याच्या अडीचशे. मेयोनीज दोन मोठे चमचे दिसत होतं, एका चमच्याच्या नव्वदच्या पुढे. पनीर पिठात बुडवून तळलेलं. पाचशेच्या आत हे बसत नाही, आणि पोरं एकेकटी दोन रोल खातात. इथे सुशीचं नाव तेवढं राहिलं, भाताचं माप मात्र राहिलं नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "डाएटवर आहे म्हणून सुशी घेतली." उठून तिच्याशी बोलावंसं वाटलं. परक्या मुलीला कसं बोलायचं म्हणून गप्प राहिले, पण अजून मनातून जात नाही.

मी साधी काकडीची गुंडाळी, वाफवलेल्या सोयाबीनच्या शेंगा आणि मिसो सूप घेतलं. सूप चांगलंच खारट.

लेकीने एक गोष्ट आज सांगितली, ती आधी सांगायला हवी होती. जपानात २००८ पासून चाळिशी ते चौऱ्याहत्तरीतल्या माणसांची वार्षिक तपासणी होते आणि तीत कमरेला टेप लावतात. पुरुषांना ८५ सेंटिमीटर, बायकांना ९०. म्हणजे त्यांनाही चिंता आहे. तिथल्याच एका मोठ्या पाहणीत, २०१० मध्ये छापून आलेल्या, जास्त पांढरा भात खाणाऱ्या बायकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण जास्त दिसलं. पुरुषांमध्ये तसा कल दिसला तो कष्टाचं काम न करणाऱ्यांत. मला लगेच आमची लागण आठवली. आत्तींचं ताट आणि माझी खुर्ची.

"मग तू 'हलकी असते' म्हणून का सांगितलंस?" मी विचारलं.

"कारण मी तिथे हलकी झाले," ती म्हणाली. "स्टेशनपर्यंत रोज पंचवीस मिनिटं चालते, जिने चढते, दुपारी डबा एवढासा. श्रेय सुशीला देत होते."

७ जानेवारी

घर रिकामं वाटतं. चटई धुऊन खुंटीला टांगली. नोरीचे नऊ कागद उरलेत, हवाबंद डब्यात ठेवले, नाहीतर सादळतील.

सकाळी आत्तींनी स्वतः कोळवं घेतलं आणि तांदूळ काढला. आम्हा तिघांना दुपारसाठी एकच कोळवं, म्हणजे ११५ ग्रॅम. शिजून पावणेतीनशे ग्रॅम झाला, प्रत्येकी नव्वदच्या आसपास. एकट्या माझ्या ताटात जात होता तितका आता तिघांत. उरलेली जागा मेथीची भाजी, मटकीची उसळ आणि एका भाकरीने भरली. ह्यांनी भाताकडे बघून विचारलं, "एवढाच?" आत्तींनी उत्तर दिलं, "शेतात गेलास तर चिपटं काढीन." ते आता संध्याकाळी खरंच रानात जाऊन उसाला पाणी पाजतात, गड्यावर सोडत नाहीत.

१३ जानेवारी, भोगी

बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, पावटा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे दाणे घालून भोगीची भाजी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि लोणी. लोणी मोजून घेतलं, एक चमचा. खिचडीला तांदूळ एक कोळवं आणि डाळही एक कोळवं. आधी दोनास एक असायची. आत्ती म्हणाल्या, चव बदलली. मग दुसऱ्यांदा मागून घेतली.

चार आठवड्यांत वजन ६२.७. साखरेची तपासणी मार्चच्या मध्यावर, तोवर तो आकडा कळायचा नाही.

शेजारची सूनबाई दुपारी येऊन चटई मागून गेली. तिला भाताऐवजी नाचणीच्या उकडीची गुंडाळी करून बघायची आहे, आत अंड्याची पट्टी आणि मेथीची पानं. उकड फाटेल असं मला वाटतं, पण तिला तसं म्हटलं नाही. उरलेल्या नोरीतले चार कागद दिले.

रात्री लेकीचा फोन. ऑफिसातून येताना दुकानातली सुशी घेऊन आली होती, दहा तुकड्यांचा डबा. झाकणावर ऊर्जेचा आकडा छापलेला असतो, तो तिने वाचून दाखवला, पहिल्यांदाच म्हणे. मग विचारलं, "तू काय जेवलीस?"

"दीड भाकरी, भाजी दोन वाट्या, खिचडी एक मूद."

"मूद किती ग्रॅमची?"

काटा ओट्यावरच होता. थांब, म्हटलं, पातेल्यात थोडी उरली आहे, तेवढीच मूद पाडून तोलून सांगते.